स्वररज्जूवर गाठी आहेत, साध्या आहेत म्हणतात. काढाव्याच लागतात का?

शाईची दौत | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी शाळेत शिकवते, १४ वर्षं झाली. गेले ३ महिने आवाज बसलेला आहे. निमित्त सर्दीचं झालं. सर्दी गेली, आवाज मात्र उठलाच नाही. सकाळी त्यातल्या त्यात बरा असतो, तिसऱ्या तासाला फाटायला लागतो आणि शेवटच्या तासाला नुसती हवा बाहेर पडते. मुलांना कविता चालीत म्हणून दाखवायची असली की वरची पट्टी लागतच नाही. मी ओठ हलवते आणि मुलं म्हणतात.

आधी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. मग दीड महिना ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या. गेल्या आठवड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि म्हणाले, "दोन्ही बाजूंना गाठी आहेत, साध्या आहेत, काढून टाकू." कागदावर 'व्होकल नोड्यूल्स' असं लिहिलंय. पुढच्या आठवड्याची तारीखही मिळाली. सगळं मिळून ५ मिनिटांत झालं आणि मला काही विचारायचं सुचलंच नाही.

आता घरी बसून सुचतंय. काढाव्याच लागतात का? काढल्यावर परत येतात का? पुढे कॅन्सर होतो का? आणि मुख्य म्हणजे माझा आवाज मला परत मिळेल का? या आवाजावरच माझी नोकरी आहे. कुणाला अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.

---

उंबरठा | सोमवार, रात्री ११:०५

डॉक्टर सांगतायत तर करून टाका ताई. छोटं ऑपरेशन असतं, संध्याकाळी घरी. दुखणं अंगावर काढू नका.

---

मंद्रसप्तक | सोमवार, रात्री ११:३२

दौत ताई, कृपया थांबा! घाबरवत नाहीये, पण नोड्यूल्स असतील तर पहिली पायरी शस्त्रक्रिया नसते. मी गाते. ९ वर्षांपूर्वी मलाही दोन्ही बाजूंना नोड्यूल्स होते. अडीच महिने व्हॉइस थेरपी (आवाज नीट वापरायचे व्यायाम) केली, गाणं पूर्ण बंद ठेवलं नाही पण निम्म्यावर आणलं, आणि गाठी विरल्या. चाकू लागलाच नाही. दुर्बीण, सवडीने लिहाल का इथे?

---

दुर्बीण | मंगळवार, सकाळी ६:५०

लिहितो. मी याच विषयातला डॉक्टर आहे. पण ताईंचा घसा मी पाहिलेला नाही, त्यामुळे त्यांना नेमकं काय झालंय हे मी इथून सांगणार नाही. काय विचारायचं, ते सांगतो.

पहिली अडचण 'साधी गाठ' या शब्दातच आहे. साधी म्हणजे कर्करोगाची नाही, एवढंच त्यातून कळतं. स्वररज्जूवर अशा ५-६ प्रकारच्या गोष्टी वाढतात आणि प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. एक नुसत्या व्यायामाने जाते, दुसरी व्यायामाने जन्मात जाणार नाही, तिसरी कापली की चिडून परत येते. त्यामुळे आधी नाव नक्की करायचं, उपचार त्यानंतर.

आता ही जागा कशी असते ते बघा. बायकांचे स्वररज्जू लांबीला साधारण १ ते दीड सेंटिमीटर, पुरुषांचे थोडे जास्त. बोलताना ते एकमेकांवर आपटतात: पुरुषांत सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा, बायकांत २०० च्या आसपास. म्हणजे ताई, वर्गात सलग एक मिनिट बोललात की १२ हजार टकरा झाल्या. हे सहन होतं ते रचनेमुळे. वर अतिशय पातळ त्वचा, तिच्याखाली जेलीसारखा मऊ थर आणि त्याखाली घट्ट बंध व स्नायू. वरचा थर खालच्यावरून लाटेसारखा सरकतो, म्हणून आवाज गोड निघतो. हिरानो नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९७४ साली ही थरांची मांडणी मांडली आणि आमची शस्त्रक्रिया त्यानंतर बदलली. कारण बहुतेक साध्या गाठी त्या जेलीच्या थरात किंवा त्याच्यावर असतात. सर्जनचा हात त्या थराच्या खाली गेला की तिथे व्रण पडतो आणि लाट कायमची अडते. गाठ निघते, आवाज जातो.

नोड्यूल म्हणजे घट्टा. अवजार धरून तळहाताला पडतो तसा. दोन्ही बाजूंना, समोरासमोर, जिथे टक्कर सर्वात जोरात बसते तिथेच. शिक्षक, गायक, आरडाओरडा करणारी लहान मुलं (त्यात मुलगे जास्त). टक्कर कमी केली की घट्टा मऊ पडतो, म्हणून थेरपी आधी. नीट थेरपी करूनही कडक झालेला घट्टा राहिला आणि आवाजाची अडचण होत असली, तरच शस्त्रक्रिया. लहान मुलांमध्ये तर बहुतेकदा वय वाढताना, विशेषतः आवाज फुटायच्या वयात, आपोआप जातात.

पॉलिप बहुधा एकाच बाजूला. कधी कधी एकाच किंकाळीने होतो. सामन्यात ओरडलो आणि आवाज गेला तो गेलाच, असं पेशंट तारखेनिशी सांगतात. आतली बारीक रक्तवाहिनी फुटते आणि फोड तयार होतो. लहान असेल तर विश्रांती आणि थेरपीने जिरू शकतो, मोठा असेल तर काढावा लागतो. नीट काढला तर आवाज छान सुधारतो.

सिस्ट म्हणजे पिशवी, जेलीच्या थरात रुतून बसलेली. थेरपीने ही जात नाही. आणि खरी गोम पुढे आहे: एका बाजूला सिस्ट असली की समोरच्या बाजूला ती घासून घासून तिथेही सूज येते. साध्या दुर्बिणीने घाईत पाहिलं तर दोन्हीकडे फुगवटे दिसतात आणि कागदावर 'नोड्यूल्स' लिहिलं जातं.

म्हणून ताई, शस्त्रक्रियेच्या तारखेआधी स्ट्रोबोस्कोपी करून घ्या. लुकलुकणाऱ्या प्रकाशात स्वररज्जूची हालचाल सावकाश दिसते. घट्ट्यावरून लाट साधारण पुढे जाते, सिस्टपाशी ती अडते. आपल्या डॉक्टरांनाच विचारा, "स्ट्रोबोस्कोपी झाली का? आधी थेरपी का नको?" विचारल्याचा चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

कॅन्सरबद्दल: नोड्यूल, पॉलिप, सिस्ट यांचा पुढे कॅन्सर होत नाही. ही भीती आजच मनातून काढा.

---

शाईची दौत | मंगळवार, दुपारी १:१५

डॉक्टर, मधल्या सुट्टीत तीनदा वाचलं. मनापासून आभार. तारीख पुढे ढकलण्यासाठी फोन केला. म्हणजे माझ्या मिस्टरांनी केला, माझा आवाज फोनवर जात नाही.

एक विचारू? ॲसिडिटीच्या गोळ्या दीड महिना घेतल्या त्याचं काय?

---

दुर्बीण | मंगळवार, रात्री ९:२०

अमेरिकेतल्या कान-नाक-घसा अकादमीची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वं या बाबतीत अगदी स्पष्ट आहेत. आवाज ४ आठवड्यांत सुधारला नाही, तर स्वरयंत्र डोळ्यांनी बघायचं. न बघता नुसत्या घोगरेपणासाठी ॲसिडिटीची औषधं, अँटिबायोटिक किंवा स्टिरॉइड सुरू करायची नाहीत. बघण्याआधी सीटी-एमआरआयही काढायचा नाही.

आणि काहींनी हे ४ आठवडेसुद्धा थांबायचं नाही. तंबाखू-सिगारेट असेल, गळ्याला बाहेरून गाठ लागत असेल, थुंकीत रक्त, गिळताना दुखणं, विनाकारण वजन उतरणं, श्वासाला आवाज येणं, यातलं काहीही असेल तर लगेच जायचं. गळ्याच्या किंवा छातीच्या ऑपरेशननंतर आवाज बसला असेल तरीही. स्वररज्जूवरचा कॅन्सर लवकर पकडला तर बरा होण्याची शक्यता खूप चांगली असते, आणि तो लवकर बोलतो, कारण पहिलं लक्षणच बसलेला आवाज. लोक महिनोन्‌महिने गोळ्या चघळत बसतात याचं मला फार वाईट वाटतं.

---

मंद्रसप्तक | मंगळवार, रात्री १०:०२

थोडं अवांतर, पण राहवत नाही. जिवंत माणसाचे स्वररज्जू हलताना नीट पाहण्याचा मार्ग दाखवला तो एका गायनशिक्षकाने! मान्युएल गार्सिया, १८५४. दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरला, हातातल्या दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःचंच स्वरयंत्र पाहिलं. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं. आवाज कुठून येतो ते एकदा तरी बघावं, ही ओढ आम्हा गाणाऱ्यांना किती असते ते मला ठाऊक आहे. माझ्या पहिल्या तपासणीत पडद्यावर ते दोन पांढरे पडदे उघडमीट करताना दिसले तेव्हा मला रडू आलं होतं.

---

जुना दिवा | बुधवार, सकाळी ८:१०

माझी वेगळी जात. वय ६८. दोन वर्षांपूर्वी हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं, श्वासनळीत नळी घालून ठेवली होती. घरी आल्यावर महिन्याभराने घशात काही तरी अडकल्यासारखं वाटू लागलं. सारखा खाकरायचो. तपासणीत ग्रॅन्युलोमा निघाला, स्वररज्जूच्या मागच्या टोकाला, नळी घासते तिथे. एकदा काढला. ३ महिन्यांत परत तितकाच. दुसऱ्या डॉक्टरांनी कापायला साफ नकार दिला. ॲसिडिटीचं औषध, उशाकडची बाजू उंच, झोपायच्या ३ तास आधी जेवण आणि खाकरणं पूर्ण बंद. शेवटचं सर्वात कठीण गेलं. ५ महिन्यांनी गळून गेला.

---

दुर्बीण | बुधवार, सकाळी ८:४५

काका, तुमचे दुसरे डॉक्टर बरोबर होते. 'कापली की चिडते' म्हणालो ती हीच. ग्रॅन्युलोमा ही न भरणारी जखम आहे. कारण तसंच ठेवून ती खरवडली तर पुन्हा येते. औषध-थेरपीने नाही हटली तर बोटॉक्सचं इंजेक्शन देऊन काही महिने टक्कर सौम्य करतात. श्वास अडत असेल किंवा निदानाबद्दल शंका असेल तेव्हाच शस्त्रक्रिया. आणि बघा, वर मी ॲसिडिटीच्या औषधांवर बोललो, ती इथे उपयोगी पडली. कारण इथे कुणी तरी आधी आत बघितलं होतं.

---

निळी छत्री | बुधवार, दुपारी ४:३०

मी २२ वर्षं सिगारेट ओढली. फोनवर मला सगळे 'सर' म्हणायचे. राइन्केज इडीमा, म्हणजे दोन्ही स्वररज्जू पाण्याच्या पिशव्यांसारखे सुजलेले. सर्जन म्हणाल्या, आधी सिगारेट सोडा, मग बोलू. थायरॉइडही तपासून घेतलं. सोडल्यावर ७ महिन्यांत सूज बरीच उतरली आणि ऑपरेशन लांबलं ते लांबलंच. आवाज अजून जाडच आहे, पण आता 'मॅडम' म्हणतात. एवढ्यावर मी समाधानी आहे. दर ६ महिन्यांनी तपासणी चालू आहे, कारण सिगारेटवाल्या घशात बाकीही काही उगवू शकतं.

---

रानपाखरू | बुधवार, रात्री ११:५०

लिहू की नको असं दोन दिवस चाललंय.

माझ्या मुलाला पॅपिलोमा आहे. तोही 'साधा'च. तो ३ वर्षांचा असताना रडण्याचा आवाज घोगरा झाला. मग झोपेत श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला. दम्याचे पंप चालू झाले. ८ महिने पंप दिले आम्ही. एका रात्री त्याच्या गळ्याच्या खालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता आणि बोटं गार पडली होती. त्या रात्री रुग्णालयात पहिल्यांदा कुणी तरी आत बघितलं. स्वररज्जूंवर द्राक्षाच्या घोसासारखं काही तरी होतं आणि श्वासाला जागा जेमतेम काडीएवढी.

आता तो ८ वर्षांचा आहे. ११ वेळा भूल झाली. काढतात, परत येतं. सुरुवातीला दर दोन महिन्यांनी, आता मधलं अंतर ७ महिन्यांवर गेलंय. कागदावर 'साधी वाढ' असं वाचलं की मला अजून राग येतो.

दौत ताई, हे तुम्हाला घाबरवायला नाही. तुमचं हे नाही. पण इथे कुणी तरी लहान मुलाचा घोगरा आवाज शोधत येईल, तिच्यासाठी लिहून ठेवते. लहान मुलाचा आवाज आठवडेच्या आठवडे बसलेला असेल आणि सोबत श्वासाला आवाज येत असेल, तर आत बघायला सांगा. हट्ट धरा.

---

दुर्बीण | गुरुवार, सकाळी ६:४०

रानपाखरू ताई, तुम्ही लिहिलंत हे फार मोलाचं आहे.

हा आजार एचपीव्ही विषाणूमुळे होतो, मुख्यतः ६ आणि ११ क्रमांकाचे प्रकार. मुलांना तो बहुधा जन्माच्या वेळी आईकडून मिळतो. आणि इथे एक गोष्ट ठासून सांगतो: यात आईचा दोष शून्य. हा विषाणू अतिशय सर्वसाधारण आहे, बहुतेकींना तो असल्याचं कधी कळतही नाही, आणि ज्यांना असतो त्यांच्याही बहुसंख्य मुलांना काही होत नाही.

उपचाराचा हेतू श्वासाची वाट मोकळी ठेवणं आणि आवाज जपणं. मायक्रोडिब्रायडर (वाढ खरवडून ओढून घेणारं बारीक फिरतं अवजार) किंवा लेझरने वाढ उतरवतात. विषाणू आजूबाजूच्या निरोगी दिसणाऱ्या त्वचेतही असतो, म्हणून मुळासकट काढण्याच्या हट्टाने खोल जायचं नाही. श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडणं शक्य तेवढं टाळतात, कारण त्याने वाढ खाली श्वासनळीत पसरू शकते. अनेक मुलांमध्ये मोठेपणी आजार शांत होतो. काही थोड्या पेशंटमध्ये, विशेषतः प्रौढांत, कर्करोगाकडे वळू शकतो, म्हणून काढलेला तुकडा तपासणीला जातोच.

नवीन बाजूही सांगतो. बेव्हासिझुमॅब हे औषध शिरेतून देऊन अवघड पेशंटमध्ये शस्त्रक्रियांचं प्रमाण बरंच कमी करता आलं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याच आजारासाठी पहिल्या औषधाला मान्यता दिली. ते इंजेक्शन शरीराला ६ आणि ११ विरुद्ध लढायला शिकवतं. सध्याची मान्यता प्रौढांसाठी आहे. आणि सर्वात मोठी गोष्ट म्हणजे लस. ऑस्ट्रेलियात २००७ पासून मुलींना शाळेत एचपीव्ही लस दिली जाते. तिथे मुलांमधल्या या आजाराचं प्रमाण २०१२ साली लाखात ०.१६ होतं, ते २०१६ पर्यंत ०.०२ वर आलं. लस घ्यायची चर्चा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपुरती होते, पण ६ आणि ११ लशीत असतील तर या घोसांपासूनही पुढची पिढी वाचते.

---

रानपाखरू | गुरुवार, सकाळी ७:१५

"आईचा दोष शून्य." पाच वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

---

सांजवारा | गुरुवार, रात्री ९:४०

मी व्हॉइस थेरपिस्ट. उशीर झाला यायला. 'थेरपी' म्हणजे नुसतं "कमी बोला, पाणी प्या" असा समज असतो, म्हणून लिहिते.

गप्प राहून घट्टा तात्पुरता उतरतो, पण बोलायची पद्धत तीच राहिली की पुन्हा येतो. थेरपीत पद्धत बदलतो. साधारण ६ ते ८ बैठका, दोन-तीन महिन्यांत, आणि रोज घरी ५-५ मिनिटं चार-पाच वेळा. सुरुवात बहुतेकदा नळीने. बारीक नळी ओठांत धरून तिच्यातून 'ऊ' काढायचा, किंवा नळीचं टोक दोन बोटं पाण्यात बुडवून बुडबुडे काढत सूर लावायचा. ओठ अर्धवट बंद असले की वरून हवेचा दाब परत येतो आणि स्वररज्जू जोरात न आपटता कंप पावतात. कंप ओठांवर, नाकाच्या हाडावर जाणवला पाहिजे, गळ्यात ताण नको. मग तीच जाणीव शब्दांत, वाक्यांत आणि शेवटी वर्गातल्या आवाजात न्यायची.

घसा खाकरण्याऐवजी एक घोट पाणी, किंवा नुसता आवंढा. एकेक खाकरणं म्हणजे त्या घट्ट्यावर एक थप्पड. कुजबुजून बोलणंही आराम नाही, बऱ्याच जणांचा त्यात गळा जास्त आवळतो. पाण्याबद्दल: प्यालेलं पाणी स्वररज्जूंना लागत नाही, ते अन्ननलिकेत जातं. शरीरातून ओलावा पोहोचायला वेळ लागतो, म्हणून वर्गावर जायच्या आधी गटागटा प्यायचं नाही, दिवसभर थोडं थोडं. वाफ मात्र थेट पोहोचते.

आणि ताई, माइक घ्या. कंबरेला लावायचा छोटा. शिक्षकांच्या आवाजावर ज्या उपायांचा अभ्यास झाला आहे त्यात माइकचा फायदा स्पष्ट दिसला आहे. लाज वाटायचं कारण नाही.

---

उंबरठा | गुरुवार, रात्री १०:२०

माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. ताई, तुम्ही थांबलात ते बरं झालं.

पण ऑपरेशन करायची वेळ आलीच तर भीती खरी आहे ना? 'साउंड ऑफ म्युझिक'मधल्या गायिका-अभिनेत्री ज्युली अँड्र्यूजचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे.

---

दुर्बीण | शुक्रवार, सकाळी ७:००

खरी आहे. १९९७ साली त्यांची शस्त्रक्रिया झाली आणि गाण्याचा आवाज परतला नाही. म्हणून मी वर थरांबद्दल इतकं लिहिलं. आज सूक्ष्मदर्शकाखाली वरची त्वचा उचलून, गाठ सोडवून, त्वचा परत जागेवर बसवतात. बहुतेकांचा आवाज चांगला सुधारतो. तरी धोका शून्य नाही, आणि शून्य आहे असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. सर्जनला विचारा: आवाजाच्या अशा शस्त्रक्रिया तुम्ही नेहमी करता का, आधी-नंतर थेरपिस्ट सोबत असेल का, आधीचं आणि नंतरचं रेकॉर्डिंग ठेवणार का.

---

शाईची दौत | ३ आठवड्यांनंतर

धागा वर काढते. कालच स्ट्रोबोस्कोपी झाली.

खुर्चीत पुढे झुकून बसवलं, जीभ गॉजमध्ये धरून बाहेर ओढली आणि 'ई' म्हणायला सांगितलं. आधी वाटलं ओकारी होणार, पण घशात फवारा मारला होता. मग पडद्यावर मला दाखवलं. उजव्या बाजूला लाट काठापासून आत छान पसरत जात होती. डाव्या बाजूला मध्यावर एक फिकट पिवळट दाणा, आणि लाट तिथपर्यंत येऊन थांबत होती. दाण्याच्या दोन्ही बाजूंनी हवा निसटत होती. वर्गातली माझी शेवटच्या तासाची 'नुसती हवा' मी डोळ्यांनी पाहिली.

डावीकडे सिस्ट. उजवीकडची सूज तिच्या घासण्याने आलेली. दुर्बीण, तुम्ही न बघता लिहिलं होतंत तेच. आता ६ आठवडे थेरपी, मग फक्त डावी बाजू.

---

मंद्रसप्तक | त्याच दिवशी

मी तुम्हाला "चाकू लागलाच नाही" म्हणून थांबवलं होतं आणि तुम्हाला तो लागणार आहे. माझा अनुभव तुमच्यावर लादला गेला का, असं वाटून अस्वस्थ झालेय.

---

शाईची दौत | त्याच दिवशी

अजिबात नाही! त्या तारखेला गेले असते तर दोन्ही बाजूंना चाकू लागला असता. उजवीला त्याची गरजच नव्हती.

---

शाईची दौत | ११ आठवड्यांनंतर

शस्त्रक्रिया होऊन १६ दिवस झाले. ज्यांना करायची आहे त्यांच्यासाठी लिहिते.

पूर्ण भूल. सगळं तोंडातूनच, बाहेर एकही टाका नाही. आधी दात हलतो का, मान मागे जाते का हे तपासलं, कारण धातूची नळी दातांवर टेकते. थेरपीने उजवीकडची सूज जवळजवळ गेली होती, तिला हातही लावला नाही. शुद्धीवर आले तेव्हा जिभेचं टोक बधिर होतं आणि तोंडात नाणं ठेवल्यासारखी चव. १० दिवसांत दोन्ही गेलं. तुकड्याचा अहवाल: साधी सिस्ट, वेष्टन पूर्ण निघालेलं. वेष्टन राहिलं तर ती परत भरू शकते, म्हणून हा शब्द मी दोनदा वाचला.

मग ३ दिवस पूर्ण मौन. कुजबुज नाही, खाकरणं नाही. मी विचारलं होतं की आणखी थांबू का, तर म्हणाले, जास्त दिवस गप्प राहणं जास्त चांगलं असं नाही, भरणाऱ्या त्वचेला हलका कंप हवा असतो. घरी पाटी घेऊन फिरत होते. दुसऱ्या दिवशी धाकटी पडली, गुडघा फुटला, आणि माझ्या तोंडून हाक निघणारच होती. दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि धावले.

चौथ्या दिवशी थेरपिस्टकडे. पेल्यात पाणी, त्यात नळी. म्हणाल्या, आधी नुसते बुडबुडे. मग बुडबुड्यांत सूर, हलकाच. मला आवाज फुटेना, भीतीने. तिसऱ्या वेळी पाण्यातून 'ऊ' आला. बारीक, थरथरता, पण मध्ये हवा नव्हती. पेला हातात हलत होता इतकी मी कापत होते.

आता दिवसाला थोडं थोडं बोलते. शाळा ६ आठवड्यांनी, माइक घेऊन.

---

सांजवारा | दुसऱ्या दिवशी

घाई करू नका. पहिले दोन-तीन महिने आवाज रोज वेगळा लागेल, मधेच घसरेल. ते भरण्याचाच भाग आहे.

---

पायवाट | ४ महिन्यांनंतर

नवीन आहे इथे. सगळा धागा वाचला. वडील ६२ वर्षांचे, आवाज बसून दोन महिने झाले. सिगारेट आहे. म्हणतात, "दुखत नाही तर कशाला जायचं." आम्ही घरी वाफ देतोय. अजून किती दिवस वाट पाहावी?

---

शाईची दौत | १० मिनिटांनी

एकही दिवस नाही. ४ आठवडे कधीच उलटले, आणि सिगारेट असल्यावर तेवढेही नव्हते. दुखत नाही हे कारणच धरू नका, मलाही दुखत नव्हतं. तपासणीत कापाकापी काही नसते. नाकातून किंवा तोंडातून बारीक दुर्बीण, दोन-चार मिनिटं. त्यांना सांगा की नुसतं बघायला जायचंय, बाकीचं नंतर ठरवू. उद्या सकाळीच फोन करा.

---

पायवाट | दुसऱ्या दिवशी, दुपारी

गुरुवारी १० ची वेळ मिळाली. तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, तयार झाले.

---

शाईची दौत | दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी

किती बरं वाटलं वाचून. गुरुवारी माझे पहिले चार तास आहेत, पाचव्याला मोकळी आहे. काय निघालं ते इथे लिहा, मी बघत राहीन.